सुरक्षा समितीत कंत्राटी कामगारांना जागा कशी मिळवून द्यावी?

प्रश्न – प्रेसशॉप_चाकण

नमस्कार. चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी कायम कामगार आहे आणि तेथील सुरक्षा समितीवर कामगारांचा प्रतिनिधी म्हणून काम करतो. कारखान्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही; उत्तर देणाऱ्यांनीही अंदाज बांधू नये, ही विनंती.

आमच्या समितीत कामगार आणि व्यवस्थापन यांचे सदस्य समसमान आहेत, बैठका वेळेवर होतात, इतिवृत्त लिहिले जाते आणि ४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथ घेताना सगळ्यांचा फोटोही निघतो. अडचण वेगळीच आहे. कामगारांच्या बाजूचे आम्ही सगळे सदस्य कायम कामगार आहोत आणि आमच्यापैकी बहुतेक जण आता टूलरूम, मेंटेनन्स, क्वालिटी किंवा स्टोअरमध्ये आहोत. प्रेस शॉप (जेथे यंत्राने पत्रा दाबून भाग बनवतात), वेल्डिंग आणि डिस्पॅच ही तिन्ही खाती जवळपास पूर्णपणे ठेकेदाराची मुले, ट्रेनी आणि मुदतीच्या नेमणुकीवरचे कामगार चालवतात. ज्यांचे हात प्रेसच्या डायखाली, म्हणजे साच्याखाली, जातात, त्यांच्यापैकी एकही जण बैठकीच्या टेबलाशी नसतो.

काही महिन्यांपूर्वी रात्रपाळीतल्या एका हेल्परने मला सांगितले की, एका पॉवर प्रेसचा लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर, बायपास केलेला आहे आणि दोन्ही हातांच्या बटणांऐवजी ती प्रेस पायाच्या पेडलवर चालवली जाते. मी त्याचे नाव न घेता हा मुद्दा बैठकीत मांडला. प्रेसचा क्रमांक आणि पाळी सांगणे भागच होते, आणि तेवढ्यावरून कोण बोलले हे लाइनवर सगळ्यांना कळले. सेन्सर दुसऱ्या दिवशी पूर्ववत झाला, ही गोष्ट खरी. पण ठेक्याची मुदत संपून नव्याने गेट पास बनवण्याची वेळ आली तेव्हा त्या मुलाचा पास बनला नाही. ‘माणसे कमी केली,’ एवढेच उत्तर ठेकेदाराने दिले. तेव्हापासून प्रेस शॉपमधून माझ्यापर्यंत एकही तक्रार आलेली नाही, आणि तेथे सगळे आलबेल आहे म्हणून ती येत नाही, असे मानायला मी तयार नाही.

कंत्राटी कामगारांचे प्रतिनिधी समितीत घ्यावेत, असा प्रस्ताव मी मांडला. त्यावर एचआर विभागाचे म्हणणे असे की, ते ‘आपले’ कामगार नाहीत, त्यामुळे त्यांना घेता येत नाही. आणि घेतलेच तर उद्या तेच लोक समितीचे इतिवृत्त न्यायालयात दाखवून कायम नोकरीचा दावा करतील. या म्हणण्यात कायद्याच्या दृष्टीने कितपत तथ्य आहे? शिवाय जागा मिळालीच, तर त्या जागेवर बसणाऱ्या माणसाची रोजीरोटी कशी टिकवायची? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर – जुना_सेफ्टीवाला

मी अनेक वर्षे सेफ्टी ऑफिसर म्हणून नोकरी केली आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नापुरते लिहितो.

‘ते आपले कामगार नाहीत’ हे विधान पगारपत्रकापुरते खरे असेल. सुरक्षेच्या कायद्यापुरते ते कधीच खरे नव्हते. कारखाने अधिनियम, १९४८ मधील कामगाराच्या व्याख्येत थेट नेमलेला आणि ठेकेदारासह कोणत्याही मध्यस्थामार्फत आलेला, असे दोघेही येतात, आणि मुख्य नियोक्त्याला, म्हणजे ज्याच्या कारखान्यात काम चालते त्याला, त्याची माहिती असो वा नसो, याने काही फरक पडत नाही, असेही त्या व्याख्येतच म्हटलेले आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये त्या कायद्यात जी मोठी दुरुस्ती झाली, तिने धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांसाठी कलम ४१-जी खाली समसमान सदस्यांची सुरक्षा समिती आणली. कलम ४१-एच खाली, जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका दिसल्यास तो मालकाच्या आणि त्याच वेळी शासनाच्या कारखाना निरीक्षकाच्या निदर्शनास आणण्याचा अधिकार कामगाराला दिला. यांपैकी कोणत्याही कलमात ‘कायम’ हा शब्द नाही. निव्वळ प्रेस शॉप असलेला कारखाना ‘धोकादायक प्रक्रिये’त बसतोच असे नाही, अशा ठिकाणी समिती राज्याच्या नियमांमुळे किंवा वाहन कंपन्यांच्या आग्रहामुळे स्थापन होते. आपली समिती कोणत्या आधारावर उभी आहे, हे आधी तपासून घ्या.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चारही श्रम संहिता (जुन्या कामगार कायद्यांची जागा घेणारे एकत्रित कायदे) लागू झाल्या आणि १९४८ च्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० या कायद्याने घेतली. जुने नियम नव्या संहितेशी विसंगत नसतील तेवढ्यापुरते चालू राहतात. नव्या संहितेच्या कलम २२ नुसार शासन आदेश काढून समिती स्थापन करायला सांगू शकते आणि त्या समितीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. कलम १४ मध्ये माहिती मागण्याचा आणि धोक्याची सूचना मालकाला व निरीक्षकाला एकाच वेळी देण्याचा अधिकार आहे, आणि तो धोकादायक प्रक्रियेपुरता मर्यादित नाही. ही सुधारणाच म्हणायची. मात्र समिती कोठे असावी हे कायद्याने स्वतः न सांगता शासनाच्या आदेशावर सोडले आहे, ही पीछेहाट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्यवहारातला एक उपाय सुचवतो. वाहन कंपन्यांना माल पुरवणाऱ्या बहुतेक कारखान्यांकडे आयएसओ ४५००१ या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षा व आरोग्यविषयक आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र असते. २०१८ च्या त्या मानकात ‘कामगार’ म्हणजे ठेकेदाराचे कामगारसुद्धा येतात. त्याच्या ५.४ या परिच्छेदात बिगर-व्यवस्थापकीय कामगारांचा सल्ला आणि सहभाग यांवर भर आहे, आणि सहभागाच्या आड येणारे अडथळे म्हणून भाषा, निरक्षरता आणि सूड उगवला जाण्याची भीती यांचा तेथे उल्लेख आहे. एचआरला कायद्याचे कलम दाखवल्यास ते वकिलाकडे बोट दाखवतात. ऑडिटमध्ये त्रुटी निघेल असे म्हटल्यास मात्र प्लांट हेड स्वतः खुर्ची ओढून बसतात. हे चांगले की वाईट, तो भाग वेगळा.

उत्तर – कामगार_वकील

वरील उत्तराशी सहमत आहे. आता एचआरच्या दुसऱ्या म्हणण्याविषयी, कारण ते बहुतेक कारखान्यांत ऐकू येते आणि त्यात अर्धे सत्य मिसळलेले असल्यामुळे ते सहज खपते.

कंत्राट खरे की केवळ दिखाऊ, हे ठरवताना न्यायालये काय पाहतात, हे आता पुरेसे स्पष्ट आहे. स्टील अॅथॉरिटी प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की, कंत्राटी पद्धतीवर बंदी आली म्हणून कामगार आपोआप मुख्य नियोक्त्याचे होत नाहीत. कंत्राट दिखाऊ असल्याचे सिद्ध झाले, तरच तसे होते. पुढे २०१४ मध्ये बलवंत राय सलुजा प्रकरणात कसोट्या एकत्र मांडल्या गेल्या: नेमणूक कोण करतो, पगार कोण देतो, कामावरून कोण काढू शकतो, शिस्तभंगाची कारवाई कोण करतो, सेवेत सातत्य आहे का आणि नियंत्रण व देखरेख कितपत आणि कोणाची आहे. सुरक्षा समितीचे सदस्यत्व या यादीत कोठेही नाही. कायद्याने ज्याला सुरक्षेपुरते कामगार मानले, त्याला त्या कायद्याखालच्या समितीत घेतले, यावरून नोकरीचे नाते सिद्ध होते, असा युक्तिवाद कोणी केलाच तर तो टिकेल असे मला वाटत नाही. एचआरला खरोखर ज्या पुराव्याची भीती वाटायला हवी, तो पुरावा त्यांचे स्वतःचे सुपरवायझर रोज तयार करत असतात: ठेकेदाराच्या मुलांची हजेरी घेणे, रजा मंजूर करणे, ओव्हरटाइम ठरवणे आणि व्हॉट्सअॅपवर पाळ्या लावणे. त्यावर कोणी आक्षेप घेत नाही. सुरक्षा समितीचा विषय निघाला की मात्र सगळ्यांना न्यायालय आठवते.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, जो जास्त अवघड आहे. धोका सांगितल्याबद्दल कायम कामगाराला काढले, तर महाराष्ट्रात १९७१ च्या अनुचित श्रम प्रथाविषयक कायद्याखाली सूडबुद्धीची कारवाई म्हणून औद्योगिक किंवा कामगार न्यायालयात दाद मागण्याची परंपरा आहे. कंत्राटी कामगाराला ते दार जवळजवळ बंद आहे. कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या दोन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये असे ठरवले की, मालक-कामगार नातेच वादग्रस्त असेल तर त्या कायद्याखालील तक्रार चालत नाही. आधी ते नाते दुसऱ्या मंचावर सिद्ध करून यावे लागते. शिवाय आपल्या हेल्परला कोणी ‘काढले’ असे कागदावर दिसतच नाही. त्याची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही, एवढेच दिसते. बोलण्याचा अधिकार कायद्याने दिला आणि बोलल्यानंतर उभे राहायला जागा दिली नाही, अशी ही अवस्था आहे, आणि नव्या संहितेनेही ती बदललेली नाही.

म्हणून संरक्षण करारातून मिळवावे लागते. आपल्या कारखान्यात युनियन आहे असे मी गृहीत धरतो. पुढच्या वेतनकराराच्या मागणीपत्रात असे कलम घाला की, सुरक्षा समितीच्या सदस्याला किंवा धोक्याची नोंद करणाऱ्या कंत्राटी कामगाराला कामावरून कमी करायचे असेल अथवा त्याची मुदत वाढवायची नसेल, तर त्याचे लेखी कारण आधी समितीपुढे ठेवले जाईल, आणि कंपनी व ठेकेदार यांच्यातील करारपत्रातही हीच अट राहील. याने हमी मिळत नाही, पण गुपचूप पास न बनवणे अवघड होते. एक कटू गोष्टही सांगायला हवी. कराराच्या शेवटच्या रात्री पगारवाढीचा आकडा पुढे आला की असली कलमे सर्वात आधी सोडली जातात, आणि ती सोडणारे आपणच, म्हणजे युनियनचे लोक, असतो.

उत्तर – हेल्पर_ते_ऑपरेटर

मी स्वतः ठेकेदाराकडे आहे, आधी हेल्पर होतो आणि आता प्रेस चालवतो. सर्वांची उत्तरे वाचली. समितीत जागा मिळाली तरी मी जाईन का, असे मला विचारले, तर आजच्या परिस्थितीत मी जाणार नाही. एक कंत्राटी सदस्य म्हणजे एक ओळखीचा चेहरा, आणि ज्याचा चेहरा ओळखीचा त्याचा पास थांबवणे सोपे.

सेन्सर बायपास का होतो, हे समितीच्या इतिवृत्तात कधी लिहिले जाते का, याची मला शंका आहे. छोटा भाग असला की तो डायमध्ये चिकटतो किंवा कातरण अडकते. ते काढायला हात आत गेला की लाइट कर्टन प्रेस थांबवतो, आणि ती पुन्हा चालू करण्यात वेळ जातो. तासाला अमुक स्ट्रोक असे टार्गेट फळ्यावर लिहिलेले असते आणि मागे पडणाऱ्याचे नाव त्याच फळ्यावर येते. मोड बदलण्याच्या स्विचची किल्ली डाय बसवणाऱ्या सेटरकडे असायला हवी, ती पॅनेललाच लावून ठेवलेली असते. रात्री साहेब नसतात, लाइन लीडरला आकडा पूर्ण करायचा असतो, तो किल्ली फिरवतो आणि निघून जातो. यात ऑपरेटरला दोष देणारे पुष्कळ भेटतात. डाय नीट बनवली, भाग बाहेर फेकायला हवेचा झोत बसवला आणि चुंबकाचा चिमटा दिला, तर हात आत घालावाच लागत नाही, हे कोणीही ऑपरेटर सांगू शकतो. आम्हाला विचारायचे असेल तर हे विचारावे; ‘हेल्मेट घालतोस का’ हे विचारण्यासाठी समितीची गरज नाही.

काही गोष्टींनी माझ्यासारख्याला बोलता येईल. जागा माणसाला न देता पाळीला द्यावी: प्रत्येक पाळीतून प्रत्येक बैठकीला वेगळा कंत्राटी ऑपरेटर यावा, म्हणजे कोण बोलले यापेक्षा काय बोलले याला महत्त्व येईल. बैठक ड्युटीच्या वेळेत असावी, कारण पाळी सुटल्यावर थांबलो तर कंपनीची बस जाते आणि खोलीवर परतायला रिक्षाचे पैसे खिशातून जातात. थोडक्यात टळलेल्या अपघातांची वही लाइनवर असावी, तिच्यात नाव लिहिण्याचा रकाना नसावा, आणि ती हिंदीतही लिहिता यावी, कारण माझ्या पाळीत अर्धी मुले बिहार आणि ओडिशाची आहेत. ती बोलत नाहीत म्हणून त्यांना काही कळत नाही, असे सगळ्यांनी ठरवून टाकलेले असते.

आणखी एक बाब कायम कामगारांनी लक्षात ठेवावी. अपघात झाल्यावर पुष्कळदा मुलाला आधी खासगी दवाखान्यात नेतात, आणि ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) नंबर नसेल तर तो त्या दिवशी काढला जातो. कामावरच्या इजेसाठी ईएसआयचा लाभ नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळतो, त्यासाठी आधी वर्गणी भरलेली असण्याची अट नाही, हे आम्हाला कोणी सांगत नाही. नवीन मुलगा प्रेसवर उभा राहण्याआधी त्याचा नंबर झाला आहे का, एवढे समितीने दर महिन्याला तपासले, तरी आम्ही समितीला आमची समजू.

उत्तर – सिडनीवासी_सातारकर

सिडनीतील एका गोदामात मी लेबर हायर एजन्सीमार्फत, म्हणजे मालकाला माणसे पुरवणाऱ्या संस्थेमार्फत, काम केले आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. न्यू साउथ वेल्स या येथील राज्याच्या २०११ च्या सुरक्षा कायद्यात कामगाराच्या व्याख्येत एजन्सीमार्फत आलेला कामगार, प्रशिक्षणार्थी आणि स्वयंसेवकसुद्धा येतो, आणि एकाच जागी अनेक मालक असतील तर त्यांनी एकमेकांशी व कामगारांशी सल्लामसलत करणे बंधनकारक आहे. कामगार आपला आरोग्य व सुरक्षा प्रतिनिधी निवडतात. ठरावीक प्रशिक्षण घेतलेला प्रतिनिधी मालकाला सुधारणेची लेखी नोटीस देऊ शकतो, आणि गंभीर व तातडीचा धोका असेल तर काम थांबवायलाही सांगू शकतो. आपल्याकडच्या समितीला यांपैकी एकही अधिकार नाही. ती फक्त शिफारस करते, हा फरक मोठा आहे.

मात्र येथे सगळे आदर्श आहे, असे मुळीच नाही. एजन्सीच्या माणसाला कोणी काढत नाही. पुढच्या आठवड्याच्या पाळ्यांचा मेसेज त्याला येत नाही, एवढेच. आमच्या गोदामात प्रतिनिधी निवडून आला तो थेट नोकरीवरचाच होता, आणि आम्ही फोर्कलिफ्टच्या वाटेबद्दलच्या तक्रारी त्याच्या कानावर घालत असू. तो त्या स्वतःच्या नावाने मांडत असे. वरच्या ऑपरेटर मित्राचे म्हणणे मला त्यामुळे पटते.

उत्तर – भोसरीचे_शेड

चर्चा मोठ्या कारखान्याभोवती फिरते आहे. भोसरीत आणि तळवड्यात एका शेडमध्ये आठ-दहा माणसांवर प्रेस चालतात, तेथे समितीचा प्रश्नच येत नाही. नव्या संहितेत विजेवर चालणारा कारखाना ठरण्यासाठी १० ऐवजी २० कामगार लागतात, आणि कंत्राटी कामगारांविषयीची तरतूद २० ऐवजी ५० कामगारांपासून लागू होते. मोठ्या कारखान्याने समिती कितीही चांगली चालवली, तरी त्याचे जोखमीचे जॉब अशा शेडकडेच जातात. जून २०२१ मध्ये मुळशी तालुक्यात उरवडे येथे रासायनिक कारखान्याला आग लागली, तेव्हा मृतांत बहुसंख्य महिला कामगार होत्या. अशा ठिकाणी कामगारांच्या वतीने बोलणारे आत कोण असते?

याला उत्तर आपल्याच राज्यात अर्धेअधिक तयार आहे. माथाडी कामगारांचा मालक रोज बदलतो, म्हणून १९६९ च्या कायद्याने त्यांच्यासाठी मालक, कामगार आणि शासन यांच्या प्रतिनिधींची मंडळे स्थापन केली आणि नोंदणी, मजुरी व इतर लाभ एका मालकाऐवजी मंडळाशी जोडले. स्वीडनमध्ये १९७४ पासून लहान कामाच्या ठिकाणांसाठी कामगार संघटना विभागीय सुरक्षा प्रतिनिधी नेमतात. तो त्या दुकानाचा नोकर नसतो, त्यामुळे त्याला काढण्याची धमकी देता येत नाही. एका औद्योगिक वसाहतीसाठी असा एक प्रतिनिधी, ज्याला कोणत्याही शेडमध्ये जाऊन प्रेस पाहता येईल, ही मागणी युनियनांनी शासनाकडे करायला हवी. माझ्या मते कारखान्याच्या समितीत एक-दोन खुर्च्या वाढवण्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होईल, जरी त्यामुळे प्रश्नकर्त्याची आजची अडचण सुटत नसली तरी.

प्रश्नकर्ता – प्रेसशॉप_चाकण

सर्वांचे आभार. पाळीनिहाय आळीपाळीने सदस्य, नाव नसलेली वही आणि नवीन मुलाचा ईएसआय नंबर तपासणे, हे तीन मुद्दे पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घालत आहे. आयएसओचा दाखलाही सोबत जोडेन. कराराचे कलम युनियनच्या कमिटीपुढे मांडणार आहे. तेथे विरोध होईल याची कल्पना आहे, कारण ‘आधी आपले बघा’ असे म्हणणारे आमच्यातच आहेत. भोसरीच्या मित्राचा मुद्दा मोठा आहे, पण तो युनियनांच्या फेडरेशनच्या पातळीवरचा आहे.

वकील साहेबांना एकच विचारतो: तातडीच्या धोक्याची सूचना निरीक्षकाला द्यायची असेल, तर ती कंत्राटी कामगाराच्याच सहीने द्यावी लागते का?

उत्तर – कामगार_वकील

नाही. कलम १४ नुसार कामगार ती थेट देऊ शकतो किंवा समितीच्या सदस्यामार्फत देऊ शकतो, त्यामुळे आपली सही पुरेशी आहे. पत्रात प्रेसचा क्रमांक आणि धोक्याचे स्वरूप लिहा: कोणते संरक्षक साधन बंद आहे आणि हात कोठे जातो. पाळीचा उल्लेख टाळता येत असेल तर टाळा आणि ‘मी स्वतः पाहणी केली’ असे लिहिता यावे म्हणून आधी स्वतः जाऊन पाहणी करा. मालकाला आणि निरीक्षकाला पत्र एकाच दिवशी द्या, कारण कायद्यात ‘त्याच वेळी’ असे आहे. मालकाला धोका मान्य असेल तर त्याने तातडीने उपाय करून तसा अहवाल द्यायचा असतो; मान्य नसेल तर त्याने प्रकरण निरीक्षकाकडे पाठवायचे असते आणि धोका आहे की नाही याबाबत निरीक्षकाचा निर्णय अंतिम असतो. दोन्ही ठिकाणी पोच घ्या, आणि पोच असलेली प्रत समितीच्या फाइलमध्ये न ठेवता युनियनच्या कार्यालयात ठेवा.